जांबरग्याचं ग्राफिक्स कार्ड

आनंदराजच्या कॉम्प्युटरला अख्खं गाव एकदम झेपत नसे. थोडं लपवावं तेव्हा उरलेलं दिसावं, अशी दहा वर्षांची रीत पडली होती. गढी बघायची तर पेठ झाका, पेठ बघायची तर मशिदीमागची गल्ली झाका. सगळं एकदम उघडलं की पंखा घरघरायचा, पडदा थिजायचा आणि गाव अर्धवट वळलेल्या मानेनं तसंच उभं राहायचं. मग आनंदराज उठून पाणी पिऊन यायचा. परत येईपर्यंत कधी गाव हललेलं असायचं, कधी मशीन बंद पडलेलं असायचं.

हे गाव म्हणजे जांबरगा. तेरणेकाठचं, भूकंपाआधीचं. त्र्याण्णव सालच्या तीस सप्टेंबरच्या पहाटे ते गेलं. पुढे सरकारनं दोन कोस अलीकडे नवीन जांबरगा बसवला, सरळ रेघांचा, नंबर टाकलेल्या घरांचा. आनंदराज त्या वेळी बावीस वर्षांचा होता आणि नांदेडला आयटीआयच्या होस्टेलवर राहून नकाशे काढायला शिकत होता, म्हणून जिवंत राहिला. शिकलेलं वाया गेलं नाही. आता सत्तेचाळिशीत तो नांदेडच्याच एका इंजिनिअरच्या ऑफिसात आरेखक होता. दिवसभर लोकांच्या नव्या घरांचे परवानगीचे नकाशे काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी ऑफिसनं मोडीत काढलेल्या, त्यानं घरी आणलेल्या कॉम्प्युटरवर जुनं गाव बांधायचा. घर घर, भिंत भिंत, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येईल असं.

जुन्या गावठाणाचा नकाशा कुणाजवळ नव्हता. म्हणून तो नव्या गावात जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचा. फुटांत विचारलं की म्हातारे गप्प बसायचे, म्हणून त्यानं युक्ती काढली होती. भिंत किती लांब होती असं न विचारता, तिच्या कडेनं पंगत बसली तर किती माणसं मावायची, असं तो विचारी. मग म्हातारे खुलायचे. गढीसमोर चाळीस पानं, पेठेत दोन्हीकडून शंभर, मारुतीपुढे पंचवीस. एका पानाला दोन फूट धरायचे आणि भिंत उभी करायची. गाव असं पंगतीपंगतीनं वर आलं. फक्त उताराखालच्या वस्तीचं विचारलं की वरच्या आळीतले म्हातारे म्हणायचे, "खाली व्हती की धा-बारा घरं." खाली चौतीस घरं होती. आनंदराज तिथेच जन्मला होता. त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती, म्हणून त्यानं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. लावून घ्यायला पाहिजे होतं.

त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आळी वेगळ्या लेअरवर होती. पूर्वी ट्रेसिंगचे कागद एकावर एक ठेवायचे, तसंच हे. कडेला लेअरांची यादी आणि प्रत्येक नावापुढे एक छोटा डोळा. त्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि ती आळी पडद्यावरून जाते. पुसली जात नाही, नुसती दिसत नाही. परत टिचकी मारली की परत येते. गढी, पेठ, लिंगायत गल्ली, मशीद, मांगवाडा आणि सगळ्यात शेवटी भीमनगर, त्याची ती उताराखालची वस्ती.

आणि या सगळ्यांत जड होतं भीमनगर. वरच्या गावाची घरं त्यानं लोकांच्या सांगण्यावरून बांधली होती, तिथे भिंत म्हणजे भिंत होती. भीमनगरात मात्र प्रत्येक दगड वेगळा होता. पत्र्याच्या विहारावरचा निळा झेंडा होता, त्याच्या काठीला बांधलेली तार होती. कोंबड्यांची डालगी होती, कुणाच्या दारातला फुटका रांजण होता. स्वतःच्या घरात तर त्यानं चुलीपुढची फुंकणीसुद्धा ठेवली होती. म्हणून मशीन अडलं की तो पहिला डोळा मिटायचा तो भीमनगरचा. एवढी एक टिचकी मारली की बाकीचं गाव मोकळं फिरायला लागे. आपलं तर आपल्याला पाठच आहे, असं तो स्वतःला सांगायचा. रात्री फाइल सेव्ह करून उठतानाही तो डोळा मिटूनच उठायचा, कारण भीमनगर उघडं ठेवून फाइल बंद केली तर दुसऱ्या दिवशी ती उघडायलाच अर्धा तास घ्यायची. दहा वर्षं हे असं चाललं. मन दुसरीकडे असलं तरी बोट आपोआप तिथे जायचं.

आता ते घर. आनंदराजचा बाप केरबा बांधकाम खात्यात मुकादम होता. भूकंपाच्या आदल्या वर्षी त्यानं जुनं पत्र्याचं घर पाडून दगडमातीचं, माळवदाचं म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर बांधलं. भीमनगरातलं पहिलं माळवद. वरच्या आळीत माळवदं असायची, खाली पत्रा असायचा, आणि केरबाला ते खुपत होतं. माळवदावर दोन हात माती चढवली तेव्हा त्यानं अख्ख्या वस्तीला गोड जेवण घातलं. त्या पहाटे पत्र्याखाली झोपलेल्यांची डोकी फुटली, हातपाय मोडले, पण बहुतेक वाचले. केरबा आणि आनंदराजची चौदा वर्षांची बहीण पंचशीला त्या हौसेच्या मातीखाली गेले.

आई नागुबाई वाचली, कारण ती पहाटे टमरेल घेऊन रानाकडे गेली होती. रोज मायलेकी जोडीनं जायच्या. आदल्या रात्री गणपती बुडवायचे होते, पोरगी मिरवणूक बघून उशिरा येऊन झोपली होती, म्हणून नागुबाईनं तिला उठवलं नाही. आणि एक कुत्रं आत शिरून भाकरीची दुरडी हुंगायचं, म्हणून जाताना तिनं दाराला बाहेरून कडी घातली. ही कडीची गोष्ट तिनं भूकंपानंतर तिसऱ्या वर्षी एकदाच, फक्त आनंदराजला सांगितली. पुन्हा कधी काढली नाही. आनंदराज नकाशेवाला माणूस. जे होतं तेच काढायचं हे त्याच्या हाडांत मुरलेलं. घर बांधताना त्यानं दार लावलेलं काढलं, आणि कडीही काढली.

नागुबाई आता पंचाहत्तरीच्या पुढे होती. तिच्या डोळ्याचा पडदा झिजला होता. समोरचं बारीक काही दिसत नसे, मोठं मात्र कडेकडेनं दिसे. म्हणून काही बघायचं झालं की ती कोंबडीसारखी मान वाकडी करायची. कॉम्प्युटरच्या एवढ्याशा पडद्यापुढे तिला कितीदा बसवलं. नाक काचेला लागेपर्यंत ती पुढे यायची.

"बारवंपसून आपल्या दारापोत्तर चालत न्हे मला," ती म्हणायची. "मधीच उडी मारू नको."

चालत न्यायचं म्हणजे अख्खं भीमनगर उघडं ठेवावं लागायचं. चार पावलांत पडदा थिजायचा. आणि थिजलेल्या चित्रात तिला करड्या डागाशिवाय काही दिसायचं नाही.

"लई मोठ्ठं दाखीव एखाद बारी," ती उठताना म्हणायची. "शिनीमावानी."

हा आग्रह तिनं कशासाठी धरला होता हे आनंदराजला ठाऊक होतं. तिला एकदा त्या दारापर्यंत परत जायचं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं की उरलेली नजरही वर्ष-दीड वर्षात जाईल.

ग्राफिक्स कार्ड बदललं तर सगळं होईल, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. गाव उघडून चालत जायचं असेल, त्याची फिल्म करायची असेल, तर दुसरा इलाज नव्हता. त्याचं मशीन चालतं ठेवायला अम्मार होता. अम्मारचं दुकान स्टेशन रोडच्या एका बोळात, आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे त्याच जागेवर.

"कार्ड बसवायला दोन मिनिटं लागतेत, काका," अम्मार म्हणायचा. "पण ह्याचा पावर सप्लाय लई कमजोर हाय. कार्ड टाकलं की सप्लाय बदला. सप्लाय बदलला की मदरबोर्ड रुसून बसंल. म्हाताऱ्याला एक दात बसवायला न्यावं अन् डॉक्टरनं आख्खी कवळी सांगावी, तसली गत हाय."

"मग काय करावं?"

"नवंच मशीन घ्या. न्हाईतर गाव लहान करा."

गाव लहान करा, हे ऐकून आनंदराज महिनाभर त्याच्या दुकानाकडे फिरकला नाही. अम्मारला बिचाऱ्याला कळलंसुद्धा नाही काय झालं ते.

कार्डाचे पैसे तीनदा साठले आणि तीनदा दुसरीकडे गेले. शेवटच्या खेपेला ते लातूरला गेले, महामायाबरोबर. ही त्याची मुलगी. बारावी झाली, डॉक्टरकीच्या परीक्षेत मार्क कमी पडले, म्हणून एक वर्ष परत तयारी करायला तिला लातूरच्या क्लासला घातलं. मराठवाड्यात ज्याच्या घरी शास्त्र शाखेचं पोर आहे त्याला लातूर चुकत नाही. जिथे कधीकाळी मदतीचे ट्रक उभे राहिले, तिथे आता पोरांचे फोटो आणि मार्क छापलेले फ्लेक्स उभे होते, एकेक तीन मजल्यांएवढा.

महामायाचा क्लास होता जांबरगेकर क्लासेस. मालक व्यंकटराव, जांबरग्याच्या गढीतले धाकटे पाटील. भूकंपात आईबाप आणि दोन भाऊ गेले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. मामानं लातूरला आणून शिकवलं. आता फिजिक्स शिकवत, आणि त्यांच्या प्रत्येक फ्लेक्सवर त्यांच्या फोटोखाली एकच ओळ असे, 'ढिगाऱ्यातून शिखराकडे'. ढिगारा सगळ्यांच्या वाट्याला आला होता, तो फ्लेक्सवर फक्त त्यांच्या उपयोगी पडला.

महामायाच्या मोबाइलवर गढीची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत होती. ती मैत्रिणीनं पाहिली, तिच्याकडून सरांकडे गेली, आणि एके दिवशी सरांचा आनंदराजला फोन आला. पंचविसाव्या वर्षाचा मोठा कार्यक्रम घेणार होते, येऊन भेटा म्हणाले. आनंदराज रजा टाकून लातूरला गेला. गारेगार केबिनमध्ये व्यंकटरावांनी ती फीत पुन्हा लावली, आणि गढीच्या दिंडीदरवाज्यापाशी आल्यावर थांबवली.

"इथं माझी आई बसायची," ते म्हणाले. "ह्या ओट्यावर. डाळ निवडत."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. त्या क्षणी आनंदराजला तो माणूस जवळचा वाटला. पाटील आणि मुकादमाचं पोर हे सगळं मागे पडलं, दोघंही एकाच मातीखाली माणसं ठेवून आलेले होते.

"आनंदराजजी, तुम्हाला काय लागतं ते सांगा. हॉलमध्ये वीस फुटी पडदा आहे. अख्खं गाव दाखवायचं त्याच्यावर."

"ग्राफिक्स कार्ड," आनंदराज म्हणाला. मागण्याची लाज वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण शब्द तोंडातून आधीच गेला होता. मग तो म्हणाला, "अन् माझी एक गोष्ट हाय. शेवट आमच्या घराच्या दारावर झाला पाह्यजे. मायला बगायचंय. तिला मोठंच दिसतंय आता."

"अहो, मावशींना पहिल्या रांगेत बसवू," व्यंकटराव म्हणाले. "मी स्वतः हात धरून बसवतो."

कार्ड आलं, सप्लाय आला, आणि बोर्ड रुसला नाही. अम्मारनं मशीन चालू केलं आणि आनंदराजनं यादीतले सगळे डोळे एकामागून एक उघडले. शेवटचा भीमनगरचा. पंखा शांत होता. त्यानं गाव हलकेच फिरवलं आणि ते फिरलं, वेशीपासून झेंड्यापर्यंत सगळं एकदम. दहा वर्षं तुकड्यातुकड्यानं बांधलेलं गाव त्यानं अखंड कधी पाहिलंच नव्हतं. तो ढसाढसा रडला. अम्मार कात्रीत धरलेली वायर तशीच धरून बसून राहिला.

घरी आल्यावर तो नागुबाईला सांगत सुटला. आता लातूरलाच बघायचं, वीस फुटी पडद्यावर, बारवेपासून दारापर्यंत, मध्ये उडी नाही. तिनं चार दिवस आधीच पांढरं लुगडं धुऊन, घडी घालून उशाखाली ठेवलं.

फिल्म लातूरला क्लासचा व्हिडिओवाला करणार होता. त्याच्यासाठी आनंदराजनं वाट कागदावर लिहून काढली. वेस, गढी, पेठ, मारुती, मशीद, बारव, तिथून उतार, उताराखाली शेवट. शेवटच्या ठिकाणी कॅमेरा दहा सेकंद थांबवावा. फाइलमध्येही ती वाट त्यानं रेघेनं आखून दिली. मग सगळं एकवार तपासलं, समाधानानं फाइल सेव्ह केली, पेन ड्राइव्हवर घेतली आणि कुरिअरनं पाठवली. कार्यक्रमापर्यंत तो तीनदा फोनवर बोलला. तिन्ही वेळा व्हिडिओवाला म्हणाला, सर, एक नंबर झालंय.

तीस सप्टेंबरला रविवार होता. हॉल गच्च भरला होता. मागे क्लासचे टी-शर्ट घातलेली पोरं, त्यांत महामाया, पुढे नव्या जांबरग्याहून आलेली वरच्या आळीची माणसं, उजव्या कडेला टेम्पोनं आलेले भीमनगरचे दहा-बारा जण. त्यांत भुजंग होता, आनंदराजच्या बरोबरीचा, लहानपणी एका पाटीवर लिहिलेला. व्यंकटरावांनी बोलल्याप्रमाणे केलं. नागुबाईला हात धरून पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवलं.

"धाकल्या पाटलानं धरून आणलं मला," ती आनंदराजच्या कानात म्हणाली. तिला त्याचं अप्रूप वाटत होतं, आणि आनंदराजलाही वाटलं. आता ते आठवलं की त्याला स्वतःचाच राग येतो.

दिवे गेले. वेस आली, आणि हॉलमधून श्वास सोडल्याचा आवाज आला. गढी आली तसे म्हातारे उठून उभे राहिले. पेठेत कुणी तरी मोठ्यानं दुकानांची नावं घेऊ लागलं. मारुती, मशीद. नागुबाई मान वाकडी करून बघत होती आणि पुटपुटत होती, "पेठ हाय. हाव, मशीद बी हाय." तिला दिसत होतं. आनंदराजनं तिचा हात हातात घेतला. बारव आली, कॅमेरा उताराला लागला.

"आता बग, माय," तो म्हणाला.

उताराखाली काहीच नव्हतं. काळी मोकळी जमीन आणि तिच्यावर मावळतं ऊन. कॅमेरा हळूहळू पुढे गेला, जिथे केरबाचं दार होतं बरोबर तिथे येऊन थांबला, आणि त्या मोकळ्या जमिनीतून सोन्याची अक्षरं वर आली. जांबरगेकर क्लासेस. ढिगाऱ्यातून शिखराकडे. दहा सेकंद. टाळ्यांचा कडकडाट झाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आनंदराजला आधी वाटलं फाइल खराब झाली. मग वाटलं यांनी काढून टाकलं. आणि मग त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला आठवलं. फाइल सेव्ह करण्याआधी, समाधानानं, सवयीनं, त्यानं भीमनगरचा डोळा मिटला होता. नव्या कार्डाला त्याची गरज नव्हती, पण हे बोटाला कुणी सांगितलं नव्हतं.

तरी तो धावत व्हिडिओवाल्याकडे गेला. तो अकोल्याकडचा होता, त्यानं जांबरगा ना जुना पाहिलेला ना नवा.

"सर, खाली मोकळी जागाच होती," तो म्हणाला. "आणि तुम्ही लिहिलं होतं, दहा सेकंद थांबा. मला वाटलं, लोगोसाठीच जागा सोडलीय."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आनंदराजला त्याच्यावर रागावायलाही येईना. मग व्यंकटराव समोर आले, डोळे पुसत, आणि त्यांनी त्याला मिठी मारली.

"तीनदा पाहिली मी आधी. तीनही वेळा रडलो. गाव जसंच्या तसं."

"भीमनगर न्हाई त्यात," आनंदराज म्हणाला.

व्यंकटरावांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा आता पांढरा होता. ते आठवायला लागले, आणि त्यांना आठवत नव्हतं, हे आनंदराजला स्पष्ट दिसलं. पंधरा वर्षं त्या गावात राहिलेला माणूस तीनदा बघतो आणि चौतीस घरं नाहीत हे त्याच्या लक्षात येत नाही. हॉलमध्ये वरच्या आळीची शंभर माणसं होती. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

"असं कसं झालं," व्यंकटराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "पुढच्या वर्षी घेऊ. नक्की घेऊ." आणि कुणी तरी हाक मारली म्हणून ते गेले.

ज्यांच्या लक्षात आलं होतं ते बाहेर टेम्पोपाशी उभे होते. बायका खाली बघत होत्या. भुजंग एकटाच पुढे आला. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही.

"पाटलानं काय दिलं तुला?"

"कार्ड," आनंदराज म्हणाला. "भुजंग, आईक. माझ्या हातनं चुकून..."

"तुझ्या हातनंच," भुजंग म्हणाला. "एका कार्डापायी आख्खं भीमनगर दिलास. ते बी मोकळं करून."

तो टेम्पोत चढला. आनंदराजला लेअर, डोळा, दहा वर्षांची सवय हे सगळं सांगायचं होतं. पण ते सांगायचं म्हणजे हेच सांगायचं होतं, की रोज पहिल्यांदा मी तुम्हालाच झाकत होतो. तो उभा राहिला आणि टेम्पो निघून गेला.

महामायानं आजीला बसस्टँडवर आणून सोडलं. बापाकडे न बघताच ती माघारी गेली. मैत्रिणींना तिनं सांगून ठेवलं होतं, शेवटी आमचं घर येणार म्हणून.

एसटीत नागुबाई खिडकीशी बसली. लातूर मागे पडलं. मग म्हणाली, "गेले म्हणायचे डोळे."

"का?"

"बारवंपोत्तर दिसलं. फुडं काय दिसलं न्हाई. काळंच झालं समदं, मग कायतरी पिवळं पिवळं. तुला दिसलं नव्हं आपलं घर?"

आनंदराजनं समोरच्या सीटचा दांडा धरला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तुझे डोळे शाबूत आहेत माय, मीच घर झाकलं. ते त्याच्या तोंडातून निघेना. इतका भेकडपणा आपल्यात कुठून आला, त्याला कळेना.

"हाव," तो म्हणाला. "दिसलं."

"विहार?"

"विहार बी. झेंडा बी."

चाकूरच्या अलीकडे तिनं विचारलं, "दार कसं व्हतं?"

"उघडं व्हतं, माय."

तिनं मान वाकडी केली, कडेनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा तिला किती दिसला असेल कुणास ठाऊक.

"मी कडी लावली व्हती," ती म्हणाली. "तू काडलीस. लई चांगलं केलंस लेकरा."

आणि तिनं त्याच्या मांडीवर हात ठेवला. चाकूर आलं, माणसं चढली-उतरली, अहमदपूर गेलं, लोहा गेलं. हात तिथेच होता, आणि आनंदराजला तो बाजूलाही करता येईना आणि धरताही येईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं मशीन उचललं आणि अम्मारच्या दुकानात नेऊन आपटलं.

"कार्ड काढ. पार्सल करून लातूरला पाठवायचंय."

अम्मारनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेचकस उचलला. स्क्रू काढण्याआधी त्यानं एकदा चालू करून बघितलं, तशी त्याची पद्धतच होती. गावाची फाइल उघडली. भीमनगरचा डोळा मिटलेला होता, आनंदराजनं मिटला होता तसाच. आनंदराजनं हात पुढे करून तो उघडला. क्षणात चौतीस घरं उभी राहिली. उतार, विहार, निळा झेंडा, केरबाचं माळवद. दाराची कडी एवढी स्वच्छ दिसत होती की हातानं काढावी.

त्यानं ती पुसली आणि दार उघडं केलं. मग सेव्ह करायला गेला, तर बोट यादीच्या तळाशी त्या डोळ्यावर जाऊन टेकलं होतं. त्यानं ते उचललं आणि तसंच सेव्ह केलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं.

"काढू नव्हं कार्ड?" अम्मारनं विचारलं. त्याच्या हातात पेचकस तयार होता.

कार्ड परत केलं असतं तर भुजंगाच्या तोंडावर उत्तर फेकता आलं असतं. पण कार्ड गेलं की हे मशीन पुन्हा अडणार, आणि मग पुन्हा कुणाला झाकायचं हे आनंदराजला माहीत होतं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

घरी नागुबाई दारात बसली होती. त्यानं मशीन लावलं, तिला हाक मारली, म्हणाला, माय ये, चालत नेतो, मध्ये उडी नाही.

"नगं," ती म्हणाली. "माझे डोळे गेले आता. तू बगितलंस, तेवढं बास झालं."